टॅलीने डेटा उचलला का?

धंद्याचा हिशेब एका ठिकाणाहून काढून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन बसवण्याच्या क्रियेला डेटा इम्पोर्ट म्हणतात. ही क्रिया दोन बटणांत होते, असे सॉफ्टवेअर विकणारा सांगतो. दोन तासांत होते, असे संगणक दुरुस्त करणारा सांगतो. आणि दोन दिवसांत झालीच पाहिजे, असे शेठ सांगतात. ती प्रत्यक्ष करणारा अकाउंटंट काहीच सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारलेले नसते.

हिशेबाचे सॉफ्टवेअर म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी टॅलीचेच नाव येते. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका गिरण्या-कारखान्यांना माल पुरवत. त्यांना मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी चिरंजीव भरत यांनाच ते लिहायला बसवले. यातून १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. तेव्हा कंपनीचे नाव प्युट्रॉनिक्स होते आणि सॉफ्टवेअरचे ‘प्युट्रॉनिक्स फायनान्शियल अकाउंटंट’. पुढे त्याचे नाव टॅली झाले, २००९ मध्ये टॅली ईआरपी ९ आले, २०२० मध्ये टॅलीप्राइम आले आणि त्याच वर्षी भरत गोएंका यांना पद्मश्री मिळाली. वडिलांनी सांगितलेले काम मुलाने ऐकल्याचे हे उदाहरण पेढ्यापेढ्यांतून सांगितले जाते. सांगणाऱ्या शेठांचे चिरंजीव त्या वेळी बहुधा बाहेर गेलेले असतात.

टॅलीची मोठी सोय अशी की खात्यांना सांकेतिक क्रमांक द्यावे लागत नाहीत, खाते नावानेच ओळखले जाते. वहीत वाढलेल्या हिशेबनिसांना हे फार मानवले. इम्पोर्टमधल्या निम्म्या भानगडी मात्र याच सोयीतून निघतात. क्रमांक कोणीही लिहिला तरी तोच राहतो. नाव मात्र लिहिणाऱ्याच्या शाळेवर, घाईवर आणि चष्म्याच्या नंबरावर अवलंबून असते.

इम्पोर्टसाठी लागणारा कच्चा माल चार ठिकाणांहून येतो. पहिले ठिकाण म्हणजे एक्सेलची शीट. तिच्या फाइलीला ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हीच घ्या’ अशी नावे असतात, आणि बरोबर आकडे यांपैकी तिसरीत असतात. दुसरे ठिकाण म्हणजे जुने सॉफ्टवेअर. ते ज्याने लिहून दिले तो आता दुबईला असतो आणि त्याचा फोन लागत नाही. तिसरे बँकेचे स्टेटमेंट आणि चौथे जीएसटीचे पोर्टल.

बँकेचे स्टेटमेंट पीडीएफमध्ये येते आणि त्याला पासवर्ड असतो. तो बहुधा खातेदाराच्या जन्मतारखेवर बेतलेला असतो. शेठांच्या जन्मतारखा दोन असतात: एक खरी आणि एक शाळेतली. बँकेत कोणती दिली होती, हे बँक सांगत नाही आणि शेठांना आठवत नाही. तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर शेठांच्या आईला फोन लावून कुठल्या महिन्यात पाऊस फार झाला होता, इथपर्यंत चौकशी जाते. फाइल उघडली की आत नॅरेशन नावाचा रकाना असतो. त्यात आधी ‘यूपीआय’, मग बारा आकडी क्रमांक आणि मग अर्ध्यात तुटलेले नाव असते. ‘सुरेश ट्रेड’ म्हणजे सुरेश ट्रेडर्स, सुरेश ट्रेडिंग कंपनी की सुरेश ट्रेडमार्क अगरबत्ती, हे ठरवणे अकाउंटंटच्या अनुभवावर सोडलेले असते.

या स्टेटमेंटमध्ये नवख्याला हमखास गोंधळात पाडणारी आणखी एक गोष्ट आहे. खात्यात पैसे आले की बँक ते क्रेडिट दाखवते. पेढीच्या वहीत मात्र तीच रक्कम बँकेच्या नावे, म्हणजे डेबिट, पडते. दोघांचेही बरोबर असते. बँक स्वतःच्या वहीतून बोलते. ठेवीदाराचे पैसे हे तिच्या दृष्टीने देणे असते. हे ध्यानात न घेता दोन्ही रकाने जसेच्या तसे उचलले, तर वर्षभराची वसुली खर्चात आणि वर्षभराचा खर्च वसुलीत जातो. चांगला चाललेला धंदा कागदावर बुडीत निघतो. बुडीत धंदा कागदावर चांगला निघाला, तर मात्र चूक सापडायला वेळ लागतो, कारण ती कोणी शोधतच नाही.

कच्चा माल जमला की पहिली पायरी मास्टर टाकण्याची. मास्टर म्हणजे खात्यांची, मालाची आणि मोजमापांची यादी. आधी मास्टर, मग व्हाउचर (म्हणजे एकेका व्यवहाराची नोंद), हा क्रम मोडता येत नाही. ज्याचे खातेच उघडलेले नाही, त्याच्या नावे रक्कम टाकता येत नाही. नवीन कंपनी उघडली की टॅली २८ गट तयार देते: १५ मुख्य आणि १३ पोटगट. खाती मात्र दोनच देते, रोख आणि नफा-तोटा. बाकीची माणसे धंद्याने आपली आपण जमवायची असतात.

ही माणसे आधीच्या यादीत कशी राहत होती, ते जवळून पाहण्यासारखे आहे. तालुक्याच्या गावातल्या सिमेंट-लोखंडाच्या कोणत्याही जुन्या दुकानाची खात्यांची यादी उघडली, तर ‘ज’ अक्षराखाली साधारण असे सापडते: जोशी. जोशी सर. जोशी (वाडा). जोशी नवीन. जोशी २. जोशी सर जुने. जोशी (वापरू नये). यांतल्या शेवटच्या खात्यावर सर्वांत जास्त एन्ट्र्या असतात आणि ताजी एन्ट्री गेल्या आठवड्यातली असते. हे सात जोशी मिळून माणसे किती, हा प्रश्न दुकानात एकाच व्यक्तीला सोडवता येतो. ते म्हणजे दिवाणजी, आणि ते गेल्या दिवाळीपासून येईनासे झालेले असतात. त्यांना घरी जाऊन विचारले, तर ते न अडखळता सांगतात की जोशी सर आणि जोशी (वाडा) एकच, जोशी नवीन हे जोशी सरांचे मेहुणे असून आडनावाने गोखले आहेत, आणि जोशी २ कडून काही मागायचे नाही, कारण त्यांनी थोरल्या शेठांना १९७२ च्या दुष्काळात धान्य दिले होते. ही माहिती कोणत्याही रकान्यात बसत नाही.

खाते इंग्रजीत लिहिलेले असेल तर वेगळी पंचाईत. लक्ष्मी ट्रेडर्समधली लक्ष्मी कोणी ‘एक्स’ने लिहितो, कोणी ‘के-एस-एच’ने. बिले बनवणाऱ्याला ‘एक्स’ची सवय आणि पावत्या फाडणाऱ्याला ‘के-एस-एच’ची, असे असले तर सॉफ्टवेअर दोन्ही नावांना स्वतंत्र गिऱ्हाईक मानते. परिणामी एका लक्ष्मीकडून ८५,००० रुपये येणे दिसतात आणि दुसऱ्या लक्ष्मीचे ८५,००० रुपये विनाकारण जमा दिसतात. नावे आणि जमेच्या बेरजा तरीही जुळतात. ताळेबंदात कुठेही खोट नसते. फक्त वसुलीचा माणूस पैसे दिलेल्या दुकानात पुन्हा पैसे मागायला जातो आणि तिथे त्याला जे ऐकायला मिळते ते व्हाउचरच्या नॅरेशनमध्ये लिहिता येत नाही.

ज्यांनी खाती मराठीत ठेवली त्यांनाही सुटका नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप होत असे. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर ‘श्री गणेश भांडार’ अगदी स्वच्छ दिसते. तो नसला की त्याच जागी रोमन अक्षरे, कंस आणि अवतरणचिन्हे यांची खिचडी दिसते. सॉफ्टवेअर बिचारे ती खिचडीही निमूटपणे पार्टीचे नाव म्हणून स्वीकारते आणि पुढच्या बिलावर छापूनही देते.

नावानंतर पत्ता आणि जीएसटी क्रमांक. हा क्रमांक १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०. पुढची दहा अक्षरे पॅनची. आणि शेवटचे अक्षर आधीचे सगळे बरोबर आहे की नाही ते पडताळण्यासाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या धूसर फोटोवरून हा क्रमांक उतरवताना शून्याचा ‘ओ’ होतो आणि एकाचा ‘आय’. शेवटचे अक्षर असले प्रकार पकडण्यासाठीच ठेवलेले आहे. मात्र क्रमांक बरोबर असून राज्याचे नाव चुकले, तर ते अक्षर काही करू शकत नाही. राज्याचे नाव यादीतल्यासारखे हुबेहूब लागते, आणि ‘महाराष्ट्र’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा ‘एच’ गाळण्याची परंपरा राज्यात फार जुनी आहे. मडगावच्या गिऱ्हाइकापुढे चुकून महाराष्ट्र पडले, तर १८ टक्क्यांचा एक आंतरराज्य कर लागायच्या जागी ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा असे दोन कर लागतात. बेरीज तीच, पण पैसे भलत्याच खिशात जातात आणि ते योग्य खिशात आणण्याच्या खटपटीला बेरीज नसते.

मास्टर झाले की व्हाउचर. इथे एक्सेलचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. एक्सेल फार मदतशील आहे आणि न विचारता मदत करते. बिल नंबर ३/५ असे लिहिले की ते आपणहून त्याची तारीख करते. चेक नंबर ०००१२३ असला की पुढची शून्ये कापून टाकते, कारण त्याच्या मते आकड्याच्या पुढे शून्य लावणे हा अडाणीपणा आहे. बारा आकडी यूपीआय क्रमांक लांब वाटल्यास त्याचे दशांशचिन्ह, ‘ई’ आणि अधिक अकरा असे शास्त्रीय रूप करून दाखवते. सोळा आकडी खाते क्रमांक दिला, तर पंधरा आकडे जपते आणि सोळाव्याचे शून्य करते. तेव्हा ज्यांचा खाते क्रमांक मुळातच शून्याने संपतो, त्यांचेच पैसे निर्धास्त.

या मदतीपुढे मोठमोठ्यांनी हात टेकले आहेत. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी नावे मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या नावांशी मिळतीजुळती होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. शास्त्रज्ञ मंडळी समजूतदार म्हणून हे जमले. बिल नंबर ३/५ असाच लिहिणारा व्यापारी तो बदलणार नाही. वडिलांपासून तसाच चालत आला आहे.

तारखांची कथा याहून वेगळी. संगणक अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला असेल, तर तो आधी महिना वाचतो आणि मग दिवस. मग ०५/०४/२०२५ ही ५ एप्रिल न राहता ४ मे होते. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांची अशी उलथापालथ होते. तेराव्या तारखेपासून मात्र तेरावा महिना सापडत नसल्यामुळे संगणक गप्प बसतो आणि ती तारीख नुसता मजकूर म्हणून सोडून देतो. म्हणजे प्रत्येक महिन्याचे दोन तुकडे पडतात, एक चुकलेला आणि एक न कळलेला. १ एप्रिलचा व्यवहार ४ जानेवारीला जाऊन पडतो, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात. १२ एप्रिलचा जातो ४ डिसेंबरला. वर्षभरात ४ एप्रिल, ५ मे, ६ जून अशा दिवस-महिना सारखे असलेल्या बारा तारखांनाच तेवढा धक्का लागत नाही. मोठे व्यवहार त्याच दिवशी करावेत, असे मात्र अजून कोणा ज्योतिषाने सुचवलेले नाही.

तारखेची आणखी एक अवस्था म्हणजे तिचा नुसता आकडा होणे. एक्सेल आतल्या आत १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजत असते. त्याच्या हिशेबी १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. रकान्याचा प्रकार बदलला की तारखेच्या जागी हा आकडा उघडा पडतो, आणि घाईतला ऑपरेटर त्याला रक्कम समजून पुढे जातो. या मोजणीत एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरते. ते नव्हते. लोटस १-२-३ या त्याआधीच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती आणि त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. मागच्याने चूक केली असेल तर बेरीज जुळण्यासाठी आपणही ती करावी, हे तत्त्व हिशेबाच्या जगात कोणाला नव्याने शिकवावे लागत नाही.

सीएसव्ही नावाच्या फाइलीत रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात. मराठी माणसाचा पत्ता स्वल्पविरामाशिवाय पूर्ण होत नाही. ‘सदाशिव पेठ, पुणे’ लिहिले की सदाशिव पेठ पत्त्यात राहते, पुणे फोन नंबरच्या रकान्यात जाते आणि फोन नंबर येणे बाकीत जाऊन बसतो. त्या गिऱ्हाइकाकडून मग नऊशे कोटींच्या घरात वसुली निघते. उलट, एक लाख ही रक्कम आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिली आणि तिला अवतरणचिन्हांत ठेवले नाही, तर तिचे तीन तुकडे होतात: एक, दोन शून्ये आणि तीन शून्ये. रकमेच्या रकान्यात एक रुपया उरतो.

फाइल किती मोठी असावी यालाही मर्यादा आहे. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात. २००७ पासूनच्या नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात. जुन्या प्रकारात जास्तीचा माल घातला, तर उरलेल्या ओळी बाहेर राहतात. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २०२० मध्ये करोना चाचण्यांचे निकाल अशाच जुन्या फाइलींतून आत घेतले आणि १५,८४१ रुग्ण मोजणीतून गळले. तेव्हा मार्चअखेरीला ज्याच्या शंभर-दीडशे एन्ट्र्या सापडत नाहीत, त्या अकाउंटंटने स्वतःला फार एकटे समजू नये.

टॅलीला माल द्यायचा जुना मार्ग एक्सएमएलचा. टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेलची शीटही सरळ देता येते. कुठला रकाना कुठे जायचा हे एकदा जुळवून द्यावे लागते. एक्सएमएलमध्ये प्रत्येक गोष्ट खुणेच्या दोन कंसांत ठेवायची असते आणि तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी सलग आठ आकड्यांत लिहायची असते. या फाइलीत नावेची रक्कम उणे आणि जमेची अधिक असते. शेठांनी ती चुकून पाहिली तर येणे बाकी सगळी उणे दिसून त्यांचा रक्तदाब वाढतो, म्हणून ती फाइल दाखवू नये असा प्रघात आहे. याशिवाय ‘अँड’साठी वापरले जाणारे वळणदार चिन्ह एक्सएमएलने स्वतःसाठी राखून ठेवले आहे. ते नुसते लिहिले की फाइल अडते. त्यामुळे ‘पाटील अँड सन्स’, ‘शहा अँड कंपनी’ अशा भागीदारीतल्या पेढ्या दारातच थांबतात आणि एकट्याने धंदा करणारे बिनबोभाट आत जातात. भागीदारीविषयी वडीलधारे जे सांगत आले त्याला संगणकानेही अशी पुष्टी दिली आहे.

एवढे झाल्यावर ऑल्ट आणि ओ ही बटणे दाबून इम्पोर्ट सुरू करायचा असतो. तत्पूर्वी सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारते: खाते आधीच असेल तर काय करायचे? उत्तरे तीन असतात. पहिले, आरंभीची बाकी मिळवणे. हे निवडून फाइल तीनदा टाकली की शेठांचे भांडवल तिप्पट होते. शेठ खूश होतात, सीए साहेब होत नाहीत. दुसरे, आधीचे असेल ते सोडून देणे. यात दोन रात्री जागून दुरुस्त केलेली माहिती दारातून परत जाते. तिसरे, नव्याप्रमाणे जुने बदलणे. नवे बरोबर असेल तर हा पर्याय उत्तम. पण नवे बरोबर असते तर एवढा खटाटोप कशाला. बहुतेक ऑपरेटर हा प्रश्न न वाचता एंटर दाबतात, आणि तेही एक उत्तरच असते.

इम्पोर्ट संपला की सॉफ्टवेअर हिशेब देते: इतके तयार झाले, इतके बदलले, इतके एकत्र केले, इतके वगळले, इतके चुकले. चुकलेल्यांची कारणेही ते सांगते. ‘लेजर अस्तित्वात नाही’ म्हणजे नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले. ‘व्हाउचरच्या बेरजा जुळत नाहीत’ म्हणजे पैशांचे पूर्णांक करताना दोन पैसे सांडले. या दोन निरोपांना घाबरण्याचे कारण नाही. ते प्रामाणिक असतात आणि कुठे चुकले ते सांगतात. घाबरावे असा निरोप एकच: चुका शून्य. कारण सॉफ्टवेअर फक्त नमुना तपासते. तारीख खरोखरीची तारीख आहे की नाही, खाते आहे की नाही, दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाही, एवढेच ते पाहते. जोशी सरांचे बिल जोशी २ च्या नावे पडले, तर तिन्ही गोष्टी बरोबर असतात. शून्य चुका पाहून ऑफिसात वडापाव मागवला जातो, आणि खरे काम त्यानंतर सुरू होते.

वडापाव संपला की तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, काढतात. जुन्या सॉफ्टवेअरची ३१ मार्चची तेरीज आणि नव्याची १ एप्रिलची आरंभीची बाकी समोरासमोर ठेवून एकेक खाते टिक करायचे. आरंभीच्या बाक्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर टॅली ताळेबंदात फरकाची एक ओळ आपणहून दाखवते. ती ओळ नाहीशी करणे हे अकाउंटंटच्या आयुष्यातले मोठे समाधान असते. यासाठी वहीच्या काळातल्या दोन युक्त्या अजून चालतात. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. ८४ चे ४८ झाले की ३६ चा फरक पडतो. आणि फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी बाकी सापडली, तर ती नावेऐवजी जमेला गेली आहे का ते पाहावे. या युक्त्या जुन्या दिवाणजींना तोंडपाठ असतात. नव्या मुलांना त्या शिकवल्या जात नाहीत, कारण क्लासमध्ये बेरीज नेहमी जुळते. क्लासमध्ये आणखीही एक गंमत असते. लायसन्स नसलेली टॅली शैक्षणिक पद्धतीने चालते आणि तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना एन्ट्री करता येते. तिथून शिकून आलेल्या मुलाला, महिन्याच्या मधल्या दिवसांतही लोक माल घेतात, हे पचायला थोडा वेळ लागतो.

एवढे करूनही फरक हटला नाही, तर सस्पेन्स खाते आहेच. घरातल्या माळ्यावर जशा ‘तूर्त वर ठेवू’ म्हणून टाकलेल्या वस्तू राहतात, तशा या खात्यात न कळलेल्या रकमा राहतात, आणि दोन्ही ठिकाणी ‘तूर्त’चा काळ सारखाच असतो. सीए साहेब दरवर्षी विचारतात, “हे काय आहे?” अकाउंटंट सांगतो, “इम्पोर्टच्या वेळचं आहे, साहेब.” साहेब मान हलवतात. या उत्तरावर तिसऱ्या वर्षानंतर कोणी काही विचारत नाही.

पूर्वी अशा वेळी गुपचूप मागच्या तारखेला जाऊन एन्ट्री सुधारण्याची वाट होती. कंपन्यांपुरती ती आता बंद झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते, जे प्रत्येक बदलाची नोंद ठेवते: काय बदलले आणि कधी बदलले. ही नोंद बंद करता येत नाही. त्यामुळे रात्री साडेअकराला जोशींची बाकी चारदा बदलून पाचव्यांदा पहिल्यासारखी केली, तर तो पाचही वेळचा इतिहास ऑडिटरला वाचायला मिळतो. ऑडिटरचे वाचन मुळात रूक्ष असते, तेवढाच विरंगुळा.

इम्पोर्ट बिघडला तर मागे येण्याचे बटण टॅलीत नाही. मागे येण्याची एकच वाट, ती म्हणजे आधी घेतलेला बॅकअप परत बसवणे. बॅकअप रोज घ्यावा हे सर्वांना ठाऊक असते. तो पेनड्राइव्हवर असतो, पेनड्राइव्ह शेठांच्या गाडीत असतो, गाडीत गाणी वाजवण्यासाठी तो पुसून घेतलेला असतो.

इम्पोर्टचे नियम थोडक्यात सांगायचे तर असे. बॅकअप घ्यावा आणि तो उघडतो की नाही तेही पाहावे. आधी रिकाम्या कंपनीत दहाच एन्ट्र्या टाकून बघाव्यात; त्यांत एक तारीख बारापर्यंतची आणि एक तेरानंतरची असावी. बिल, चेक आणि खाते क्रमांकांचे रकाने भरण्याआधी मजकूर या प्रकारात बदलावेत. खात्यांची यादी दिवाणजींसमोर बसून एकदा वाचावी, सोबत चहा असावा आणि घाई नसावी. सॉफ्टवेअरला नावे कळतात, माणसे दिवाणजींनाच कळतात. ते हयात आणि प्रसन्न आहेत तोवर हे काम उरकून घ्यावे. टॅलीने डेटा उचलला याचा अर्थ फाइल आत गेली, एवढाच. इम्पोर्ट झाला असे तेरीज पैशापर्यंत जुळेल त्या दिवशी म्हणावे, आणि शेठांना तारीखही त्या हिशेबाने द्यावी.

तेरीज जुळली तरी जुन्या वह्या आणि जुने सॉफ्टवेअर असलेला संगणक रद्दीत घालू नये. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपून ठेवावी लागतात.